पाव फेरा

किल्ली एवढीशी, टाचणीला मूठ बसवावी तशी.
रविवारी रात्री भांडी विसळून झाली की
सॅदे टाळूवरची प्लेट काढते,
लाळेचा एक तंतू मागे मागे येतो, तुटतो,
आणि मी कपाळावरचा चष्मा खाली घेतो.
बाणाच्या दिशेनं. पाव फेरा.
जास्त नाही, डॉक्टर हेल्बेंनी बजावलंय:
हाडाला घाई कळत नाही.

सॅदे म्हणजे ठिणगी.
पहिल्या आठवड्यात तिला स्वतःचं नावही धड घेता येईना.
"थॅदे," ती म्हणाली, आणि आरशाला जीभ दाखवली.
मी तिला पेपर मोठ्यानं वाचायला लावला:
वाऱ्याचा वेग, मयताच्या चौकटी,
जुन्या ट्रॅक्टरांच्या जाहिराती.
चौथ्या दिवशी 'स' परत आला
ओल्या बुटांनी, दबकत.

एक आठवडा हापसालूत माझ्याकडे,
एक बेटावर, आईकडे.
मध्ये सव्वा तासाचं करडं पाणी.
काइए आणि मी दोन वर्षांत बोललो नाही,
म्हणजे बोललो: लोकरी मोजे, ताप, बोटीची वेळ.
आमचा काडीमोड झाला.
ही तार मोडून चालणार नव्हतं.

पहिली चूक माझी.
किटलीतलं उकळतं पाणी ओतलं मी प्लेटवर;
आमच्या घरी स्वच्छ म्हणजे उकळलेलं,
बरण्या काय, चमचे काय.
गुलाबी प्लॅस्टिक शेकोटीजवळच्या पानासारखं वळलं.
डॉक्टर हेल्बे रागावल्या नाहीत,
नुसत्या नव्या मापाचा लगदा कालवत राहिल्या, खूप वेळ.
आता नळाजवळ चिठ्ठी आहे:
थंड पाणी. मऊ ब्रश. साबणाचा थेंब.
आणि खाली सॅदेच्या अक्षरात: बाबा, थंड!!

दुसरी चूक दोघांची.
एकाच रविवारी दोन किल्ल्या फिरल्या,
सकाळी तिकडे, रात्री इकडे.
ती पहाटेपर्यंत उशीचा कोपरा चावत बसली.
तेव्हा मी डबीत एक वही सरकवली, काडेपेटीएवढी.
तारीख. *फिरवली.*
पुढच्या वेळी खाली काइएचं तिरकं अक्षर:
*फिरवली.*

फेब्रुवारीत प्लेट बेटावरच राहिली,
न्हाणीच्या खिडकीत, पेल्यात.
समुद्र ओसरलेला, बोटी बंद.
"सुटले!" म्हणत सॅदेनं टॉफी फोडली.
पाचव्या दिवशी बोटीच्या कँटीनमधल्या माइमूनं
पावाच्या कागदात बांधून डबी आणली,
वर पेन्सिलीनं लिहिलेलं: खायचं नाही.

बसेना. अंगठ्यानं दाबली तेव्हा
सॅदेच्या डोळ्यांत टचकन पाणी.
"चार दिवसांत दात परत निघाले?"
निघतात, म्हटलं मी. जुन्या जागेची ओढ असते त्यांना.
ती माझ्याकडे बघत राहिली.
मी प्लेट बाहीला पुसायला लागलो,
तिनं ती हातातून घेतली, पुन्हा धुतली.
"बाही स्वच्छ नसते," म्हणाली,
एकही 'स' न चुकता.

वही भरत गेली.
*फिरवली. शाळेत रुमालात गुंडाळून कचऱ्यात टाकली होती,
शोधून दिली शिपायानं.*
*फिरवली. उजवा आकडा वाकलाय, तू बघ.*
*बघितला. हेल्बेंकडे नेतो.*
*फिरवली. पुढच्या दातांत फट पडलीय, त्यातून शीळ घालते.
बंद करायला सांगू नकोस.*

आणि या रविवारी, ओळीच्या अगदी टोकाला,
जागा नसताना कोंबलेलं:
*तुझा खोकला गेला का?*

सॅदेला खोकला नव्हता.

मी किल्ली फिरवली, पाव फेरा,
प्लेट तिच्या तळहातावर ठेवली,
दिवा मालवून स्वयंपाकघरात आलो.
पेन सापडायला वेळ लागला.
*फिरवली,* असं लिहिलं.
मग चहा निवला, त्यावर साय धरली,
आणि खालच्या ओळीत लिहिलं:
*गेला.*